आराखड्यातली एक ओळ

ग्रामपंचायतीचं काम म्हटलं की रस्ते, गटारी, नळ, दिवे आणि घरकुलं. गावात कोणाला महिनोन्‌महिने झोप नाही, कोण घराबाहेर पडेनासं झालंय, कोणाची दारू हाताबाहेर गेलीय, हे पंचायतीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण त्याचं काही करणं हे पंचायतीचं काम आहे असं कोणी मानत नाही. मी सदस्य झाले आणि गावच्या आरोग्य समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं, तेव्हा हे काम गावाच्या विकास आराखड्यात लेखी आणायचं असं मी मनाशी धरलं. ते कसं आलं, कुठे अडलं आणि काय अजून अडलेलंच आहे, ते इथे मांडते. गाव मराठवाड्यातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

आमच्याकडे काही वर्षांत आत्महत्या झाल्या होत्या. प्रत्येक वेळी क्रम तोच. पंचनामा, पोस्टमार्टम, पुढाऱ्यांच्या गाड्या, आणि मग त्या घरातली बाई सातबारा, कर्जाचे दाखले आणि वारस नोंदीचे कागद पिशवीत घेऊन तहसीलच्या फेऱ्या मारतेय. शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकारकडून एक लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण आधी ते प्रकरण पात्र ठरावं लागतं. माणूस गेल्यावर त्याच्या दारात इतकी यंत्रणा येते, तर तो जिवंत असताना त्याच्या दारात कोण येतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद आहे, देशात सर्वाधिक. आणि देशभरात नोंदवलेल्या कारणांत सगळ्यांत वर कौटुंबिक प्रश्न आणि आजारपण आहेत. म्हणजे केवळ कर्जमाफीने हा विषय मिटत नाही, आणि तो केवळ शेतकरी पुरुषांचाही नाही.

सुरुवात मी आशाताईंपासून केली. उपकेंद्रात त्या, समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम आणि मी अशा दुपारच्या बसलो. राज्य सरकारने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून आशा घरोघरी जाऊन नैराश्याचे प्रश्न विचारतात. झोप कशी आहे, कामात मन लागतं का, जगणं नकोसं वाटतं का. त्यामुळे आशाताईंना नवं काही शोधायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "ताई, नावं मी सांगणार नाही, पण घरं मला पाठ आहेत. फॉर्म भरून होतो, पुढं माणूस जात नाही."

का जात नाही, ते त्यांनी उलगडून सांगितलं. मनोविकारतज्ज्ञ ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशीच येतात. त्या दिवशी एसटी पकडायची म्हणजे रोज बुडतो. बाईला एकटीने जायचं तर सासू विचारते, पुरुषाला स्टँडवर दहा जण विचारतात, "आज तालुक्याला कसं काय?" कारण दुसरं काही निमित्त नसतं. तिथे पोचल्यावर नाव पुकारतात, आणि रांगेत गावातलाच कोणीतरी निघतो. एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा जायचं टाळतो, आणि या गोळ्या तर काही आठवडे घेतल्याशिवाय गुण दाखवत नाहीत.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. हा आकडा मी आधी वाचला होता. पण उपकेंद्रातल्या त्या दुपारी मला कळलं की आमच्या गावापुरतं बोलायचं तर मुख्य अडचण आजार ओळखण्याची नाही, घर ते दवाखाना या वाटेची आहे. वाट करून देणं हे तर पंचायतीचंच काम. ती डॉक्टर होऊ शकत नाही आणि तिने होऊही नये. या एका गोष्टीवर मी पुढे सगळीकडे ठाम राहिले, आणि त्यामुळेच बहुतेक ठिकाणी माझं ऐकून घेतलं गेलं.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती रजिस्टरमधल्या सह्यांपुरती होते. आम्ही ती शाळेत घेतली, पुरुष मंडळींना बाहेर थांबायची विनंती केली. मी भाषण केलं नाही. एवढंच विचारलं, की गेल्या महिन्यात कोणाला शांत झोप लागली नाही, आणि कशामुळे. आधी कोणी बोलेना. मग एक म्हातारी आजी बोलली आणि पाठोपाठ सगळ्याच बोलल्या. नवऱ्याची दारू. बारावीनंतर घरी बसलेली, मोबाइलमध्ये डोकं घातलेली मुलं. लेकीच्या लग्नाचं कर्ज. संध्याकाळनंतरचा अंधार, ज्यामुळे वस्तीवरच्या बायका एकमेकींकडे जात नाहीत. आणि एक तरुण विधवा म्हणाली, "मला बोलायला माणसं हायेत, बोलवायला कुणी नाही." हळदीकुंकू असो की बारसं, तिला आमंत्रण नसतं. ती असं म्हणाल्यावर त्या खोलीतल्या कित्येक जणींनी मान खाली घातली, कारण तिला न बोलावणाऱ्या त्याच होत्या.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. आमच्या पंचायतीतही तो ठराव झालेला होता आणि फाइलमध्ये पडून होता. महिला सभेनंतर आम्ही त्याला एक साधी जोड दिली: पंचायतीच्या आणि बचत गटांच्या कुठल्याही कार्यक्रमाचं आमंत्रण घरोघरी जाऊन द्यायचं आणि त्यात कोणतंही घर वगळायचं नाही. याला पैसा लागत नाही. एकटेपणा हा आजार नव्हे, पण कित्येक आजारांची जमीन तो तयार करतो, आणि ही जमीन गावच तयार करत असतं. दुसऱ्या कुठल्या खात्याला ती बदलता येणार नाही.

मग विषय मासिक सभेत गेला. आमच्या ग्रामसेवकांना (आता त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण आम्ही त्यांना भाऊसाहेबच म्हणतो) तत्त्वतः काही हरकत नव्हती. त्यांचा प्रश्न सरळ होता: "ताई, सगळं पटतंय, पण हे कोणत्या लेखाशीर्षाखाली लावू?" हा प्रश्न टाळाटाळीचा नव्हता. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर त्यांच्यावर येतो. म्हणून मी आणि त्यांनी मिळून पैशाचा एकेक झरा तपासला, आणि हा भाग मी जरा सविस्तर सांगते, कारण इतर गावांतल्या सदस्यांना याचाच जास्त उपयोग होईल.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेनुसार खर्च करता येत होता, फक्त पगार आणि आस्थापनेवर नाही. त्यामुळे समुपदेशक नेमून त्याला मानधन द्यावं, हा विचार तिथेच संपला. पण वाचनालयाच्या खोलीची दुरुस्ती, वस्तीच्या रस्त्यावरचे दिवे, बसायचे कट्टे हे त्यात बसत होतं. दुसरा झरा आरोग्य समितीच्या अबंधित निधीचा, वर्षाला जास्तीत जास्त १० हजार रुपये. तिसरा ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीचा. त्यातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावेच लागतात. इथे मला एक गोष्ट सापडली, जी आमच्या सभेत कोणाच्याच लक्षात आलेली नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत मानसिक आजारही आहे. म्हणजे दीर्घकाळच्या मानसिक आजाराने ग्रासलेला माणूस प्रमाणपत्र काढून या ५ टक्क्यांचा हक्कदार होऊ शकतो. आमच्या यादीत तोवर फक्त पायाने अधू, अंध आणि कर्णबधिर माणसं होती.

आराखडा नऊ संकल्पनांवर बेततात. त्यांतल्या आरोग्यदायी गाव या संकल्पनेखाली आम्ही एक ओळ लिहिली: गावातील नागरिकांच्या मानसिक आरोग्यासाठी वाचनालयात संवाद कक्ष, उपचारांसाठी प्रवास साहाय्य व जनजागृती. भाऊसाहेबांनी ती ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर भरण्याआधी ग्रामसभेत मंजूर करून घेणं गरजेचं होतं.

ती ग्रामसभा २ ऑक्टोबरची. विरोध झाला, आणि तो टवाळखोरांचा नव्हता. चांगले, समंजस लोक उठून बोलले. एक काका म्हणाले, "आराखड्यात असं लिहिलं तर गावाचं नाव काय होईल? आत्ताच पोरांना मुली देईनात." ही भीती खरी आहे. आमच्या भागात शेतकरी मुलांची लग्नं ठरत नाहीत, आणि त्या काळजीनेच कित्येक घरांची झोप गेलेली आहे. मी उत्तर द्यायला उभी राहणार तेवढ्यात एक गृहस्थ उठले. त्यांच्या घरात हे दुःख होऊन गेलेलं होतं. ते इतकंच म्हणाले, "गावाचं नाव, घराचं नाव म्हणूनच आम्ही गप बसलो होतो. पोरगं गेलं." आणि खाली बसले. त्यानंतर कोणी वाद घातला नाही. ठराव मंजूर झाला. त्यांना बोलायला मी सांगितलेलं नव्हतं, आणि कोणत्याही सभेत कोणाला असं बोलायला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते स्वतःहून बोलले, हे त्यांचं मोठेपण.

ठराव झाला आणि खरी गुंतागुंत पुढे आली. ती गोपनीयतेची. शहरात माणूस गर्दीत लपतो. गावात पंचायतीचं प्रत्येक रजिस्टर कोणीही मागू शकतो, लाभार्थींच्या याद्या ग्रामसभेत वाचल्या जातात, फलकावर लागतात. पारदर्शकतेसाठी हे चांगलंच आहे. आम्हीच त्यासाठी भांडलो आहोत. पण ५ टक्के निधीच्या यादीत एखाद्याच्या नावापुढे "मानसिक आजार" असं लिहून ते माइकवर वाचलं, तर त्या माणसाला मदत करण्याऐवजी आम्ही त्याचं जगणं अवघड करून ठेवणार. आशाताईंनी नावं सांगायला नकार दिला होता तो किती शहाणपणाचा होता, हे मला तेव्हा पुरतं समजलं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो.

आम्ही वाट अशी काढली. यादीत फक्त "दिव्यांग, प्रमाणपत्र तपासले" एवढं लिहायचं, प्रकार कोणाच्याच नावापुढे लिहायचा नाही, पायाने अधू असलेल्याच्याही नाही. प्रमाणपत्र भाऊसाहेब पाहतील आणि परत देतील. संवाद कक्षात येणाऱ्यांचं रजिस्टर ठेवायचंच नाही. किती लोक आले एवढा आकडा उपकेंद्राच्या मॅडम सांगतील, नावं त्यांच्या आरोग्य नोंदींत राहतील. मासिक सभेत कोणत्याही सदस्याने कोणाचं नाव घेऊन "त्याचं काय झालं" असं विचारायचं नाही, हेही आम्ही इतिवृत्तात लिहून घेतलं. सदस्यांना तो नियम जड गेला. मते मागायला ज्या घरात जायचं, त्या घरातली गोष्ट आपल्याला कळू नये हे पचायला वेळ लागला. पण हा एक नियम नसता तर पुढचं काहीच उभं राहिलं नसतं.

संवाद कक्ष म्हणजे वाचनालयाच्या मागची खोली. तिला मागच्या बाजूनेही दार आहे, म्हणून तीच निवडली. रंग दिला, पंखा लावला, दोन खुर्च्या आणि एक बाकडं ठेवलं. दारावर पाटी लावली नाही. आठवड्यातून एका ठरलेल्या दुपारी समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम तिथे बसतात. रक्तदाब आणि साखरही तिथेच तपासतात, त्यामुळे कोण कशासाठी आलंय हे कळत नाही. बाकीच्या वेळी ती खोली फोनवर बोलण्यासाठी मोकळी असते. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. नंबर सोपा आहे, पण दोन खोल्यांच्या घरात सहा माणसांमध्ये कोणी मनातलं कसं बोलणार? ही अडचण एका मुलीने महिला सभेत मांडली होती, आणि म्हणून ती खोली.

नंबर कुठे लिहावा यावरही आम्ही बराच विचार केला. पंचायतीच्या भिंतीवर तो लिहिला, पण तिथे थांबून नंबर टिपून घेणारा माणूस सगळ्यांना दिसतो. मग शाळेच्या आणि स्टँडच्या स्वच्छतागृहांच्या दारांना आतल्या बाजूने लिहिला. दूध संकलन केंद्रावर लावला. आणि कृषी सेवा केंद्राच्या मालकांनी बिलाच्या मागे या नंबराचा शिक्का मारायचं कबूल केलं. त्यांनी ते मनापासून केलं. त्यांच्याच दुकानातून नेलेल्या औषधाने माणसं गेलेली त्यांनी पाहिली होती.

कीटकनाशकांचा विषय त्यातूनच आला. एका सदस्याने सुचवलं, की प्रत्येक शेतकऱ्याला कुलूपबंद पेटी देऊ, औषध घरात सहज हाताशी राहणार नाही. कल्पना सगळ्यांना आवडली, कोटेशनही आलं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी मात्र थांबवलं. श्रीलंकेत ग्रामीण भागातल्या १८० गावांत हाच प्रयोग शास्त्रीय पद्धतीने करून पाहिला होता. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले, आणि पेट्या दिलेल्या व न दिलेल्या गावांत फरक आढळला नाही. त्याच श्रीलंकेत सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, त्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण १९९५ च्या उच्चांकावरून सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. म्हणजे हा निर्णय पंचायतीच्या हातातला नाही, वरचा आहे. आम्ही पेट्यांचा पैसा दिव्यांकडे वळवला आणि घातक औषधांवर बंदीची मागणी करणारा ठराव करून पाठवला. एवढंच आमच्या हाती होतं.

दारूबद्दल सांगायला हवं. महिला सभेत सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता. परवाना असलेलं दुकान बंद करायचं तर आधी किमान २५ टक्के मतदारांची मागणी लागते, मग आडवी बाटली-उभी बाटली असं मतदान होतं. आमच्याकडे परवाना असलेलं दुकान नव्हतं, हातभट्टी होती. पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागाकडे पाठपुरावा करून ती बंद पाडायचं ठरलं, आणि बायका हटल्या नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आणून दिली. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर हातपाय कापतात, झटके येतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून आम्ही आधी त्या घरांतल्या बायकांना ही लक्षणं सांगितली, १०८ चा नंबर दिला, आरोग्य केंद्राला तारीख कळवली आणि मगच कारवाई करून घेतली. कारवाईनंतर एका माणसाला रात्री झटके आले आणि तो वेळेत दवाखान्यात पोचला. दारूबंदीच्या उत्साहात ही तयारी बहुतेक ठिकाणी राहून जाते. ज्या गावात असं काही ठरत असेल त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक प्रसंग, ओळख पटणार नाही इतपतच सांगते. एका घरात एका माणसाला साखळीने बांधून ठेवलेलं होतं. घरचे दुष्ट नव्हते. तो रात्री निघून जायचा, एकदा विहिरीजवळ सापडला होता, आणि दिवसभर सगळे शेतात गेल्यावर त्याच्यापाशी थांबायला कोणी नव्हतं. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी गेले. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई आहे. पण कायदा दाखवून धमकावलं असतं तर त्या घराने दार लावून घेतलं असतं. सरपंच, पोलीस पाटील आणि आशाताई तिथे जाऊन बसल्या, घरच्यांचं सगळं ऐकलं, आणि आम्ही वाहनाची सोय केली. जिल्हा रुग्णालयात त्याला दाखल केलं. घरी आल्यावरही गोळ्या चालू ठेवायच्या होत्या आणि पुन्हा पुन्हा जायचं होतं. तिथे प्रवास साहाय्य कामी आलं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र दिलं, आणि त्याच्या आधारे संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज झाला. तो पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. पण तो मोकळा आहे, आणि भावाबरोबर शेतात जातो.

ज्या घरात आत्महत्या झाली आहे, त्या घरासाठीही आम्ही एक पद्धत बसवली. पंचायतीचा एक सदस्य महिनाभर त्या घराचा सोबती. मृत्यूचा दाखला घरपोच द्यायचा, वारस नोंदीचे कागद तलाठ्याकडे न्यायचे, तहसीलला बाईबरोबर जायचं, मुलांची शाळा सुटणार नाही हे पाहायचं. आणि मोठमोठ्याने कारणं विचारणाऱ्यांना दारातून परत पाठवायचं. अशा घरातल्या मागे राहिलेल्यांनाही धोका असतो, हे आशाताईंच्या प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. एखाद्याने प्रयत्न केला आणि तो वाचला, तर पूर्वी घरचे पोलिसांच्या भीतीने दवाखान्यातही खरं सांगत नसत. २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानून तिला शिक्षेतून वाचवलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम आलेलंच नाही. हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. ग्रामसभेत ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मला वाटतं आमच्या सगळ्या जनजागृतीत सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट तीच.

आता जे झालं नाही ते. संवाद कक्षात पुरुष फार कमी येतात. आले तर रक्तदाबाचं निमित्त करून. ग्रामीण रुग्णालयात गोळ्यांचा साठा मध्येच संपतो, आणि बाहेरून घ्यायला सांगितल्यावर लोक उपचार सोडतात. घरपट्टीची वसुली कमी, त्यामुळे ५ टक्क्यांची रक्कम मुळात तुटपुंजी. मुलांच्या मोबाइलबद्दल आम्ही सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण घेतलं. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद ठेवतात. आमच्याकडे भोंगा वाजला, पण घरं ऐकेनात, आणि तो बंद पडला. वडगावला जे जमलं त्यामागे घरोघरी फिरून केलेली तयारी असणार. आम्ही ती पुन्हा करून पाहणार आहोत.

काय चालतं याचा पुरावा आमच्यापासून फार लांब नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत "विश्राम" नावाचा कार्यक्रम झाला होता. गावातल्याच कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि दीड वर्षात नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. मी हे जिल्ह्याच्या बैठकीत सांगितलं, कारण आमचा पुढचा आग्रह त्याच्याशी जोडलेला आहे. मनोविकारतज्ज्ञांचा ग्रामीण रुग्णालयातला दिवस तालुक्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा, एवढीच आमची मागणी आहे. बाजाराच्या दिवशी सगळेच तालुक्याला जातात. कोणी कोणाला विचारत नाही, रोज वेगळा बुडत नाही, जीप भरून निघते, बाई एकटी जाऊ शकते. खर्च शून्य. आम्ही ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवला. उत्तर आलं, की बाजाराच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात आधीच गर्दी असते आणि डॉक्टर त्या दिवशी दुसऱ्या तालुक्याला असतात. त्यांची अडचण मला समजते. एका जिल्ह्याला पुरणारं ते पथकच लहान आहे. म्हणून आम्ही आता महिन्यातला एकच बाजार मागतोय. शेजारच्या ग्रामपंचायतींना तसेच ठराव करायला सांगितलं, काहींचे हातात आले आहेत, काहींच्या ग्रामसभा व्हायच्या आहेत. ते सगळे जोडून आमच्या सरपंच आणि मी पुन्हा जिल्ह्याला जाणार आहोत. आराखड्यातली ओळ दरवर्षी नव्याने भरावी लागते. यंदाच्या मसुद्यात भाऊसाहेबांनी ती न सांगता घातली, आणि तिच्यासाठीची रक्कम थोडी वाढवून ठेवली आहे.